पार्सल पोटात पोचलं का?

आमच्या सेलूत ज्याला सुखानं दिवस घालवायचा असेल त्यानं मोंढ्याच्या बाजारात जावं, स्टेशनवर जावं, फार तर तहसीलमध्ये अर्ज घेऊन उभं राहावं. पण औषध घ्यायला माझ्या दुकानात येऊ नये. कारण दुकानाच्या फळीवर, डाव्या टोकाला, बरण्यांच्या आड मुंजाजीराव बसलेले असत. गिऱ्हाईक पुडी घेऊन पायरी उतरलं रे उतरलं की मागून आवाज येई, "ओ पावणे! तरकीब-ए-इस्तेमाल, म्हंजी दवा घ्यायची रीत, ठाव हाय का?"

पाहुणा दचकून वळे. मग उलटतपासणी सुरू.

"गोळी कवा घ्यायची? जेवायच्या आधी का मागून?"

"डाक्टरनं सांगितलंय तशी."

"डाक्टरनं काय सांगितलंय?"

"ते ध्यानात न्हाई ऱ्हायलं, बाबूजी."

"बरं, दुकानदारानं काय सांगितलं?"

यावर गिऱ्हाईक माझ्याकडं बघे आणि मी छताच्या पंख्याकडं बघे. औषधाच्या धंद्यात वेळेवर पंख्याकडं बघता येणं याला फार महत्त्व आहे. डिप्लोमाच्या दोन वर्षांत ते कुणी शिकवत नाही, अनुभवानंच येतं.

मग मुंजाजीराव त्या माणसाच्या हातातली खोकी काढून घेत, आतला घडीचा कागद उलगडत, चष्मा कपाळावरून नाकावर आणत आणि तो मुंगीच्या अक्षरातला इंग्रजी मजकूर फळीवर पसरून वाचायला बसत. खुद्द औषध बनवणाऱ्यानंही छापल्यानंतर तो कागद वाचला नसेल. मी स्वतः त्या कागदात कायम शेंगदाणे बांधून घेत असे. शेवटी गिऱ्हाईकाला सोडताना ताकीद असे, "संपली की रिकामी बाटली हितं आणून दाखवायची. त्याबिगर पुढली भेटणार न्हाई. कबूल?"

दुकान माझं, परवाना माझा, आणि पुढली बाटली द्यायची की नाही हे ठरवणार मुंजाजीराव!

हे गृहस्थ रेल्वेच्या पार्सल हापिसातून निवृत्त झालेले. वैशाखातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, काळी टोपी आणि कानावर शिसपेन्सील. शाळा निजामाच्या काळातली, म्हणजे उर्दूतली. इंग्रजी आलं ते पार्सलांवरच्या चिठ्ठ्यांपुरतं: जपून हाताळा, ही बाजू वर, नाशवंत माल. बाकी सगळं इंग्रजी ते सुतळीनं बांधलेल्या एका जाडजूड डिक्शनरीतून काढत. एकेक शब्द शोधायला पाच मिनिटं. तोवर गिऱ्हाईकाची गाडी चुकायची.

पेन्शनीत माणसं भजनाला लागतात, नातवंडं खेळवतात, गेला बाजार सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. मुंजाजीरावांना नातवंड नव्हतं, सून नव्हती, घरात दुसरं माणूसच नव्हतं. त्यामुळं ते सगळं माझ्या वाट्याला आलं.

त्यांचा सिद्धांत असा होता: "पार्सल टेशनावर उतरलं म्हंजी पोचलं का? न्हाई. घरी नेलं म्हंजी पोचलं का? तेबी न्हाई. दवाईचं पार्सल पोटात पोचलं पायजे. आन पोचल्याची पावती म्हंजी रिकामी बाटली." कुणी बाटली आणून दिली की ते ती कानाशी धरून हलवत. आवाज आला नाही तर "शाब्बास." एक गोळी जरी आत खुळखुळली तरी त्या माणसाची, त्याच्या बापाची आणि त्याच्या गावच्या पोलीस पाटलाची धडगत नसे.

ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणणारे आणि बदलू नये म्हणणारे माझ्याच फळीवर समोरासमोर बसून एकमेकांचे गळे धरायचे बाकी ठेवत. एकदा आवाज फारच चढले. मी शटर ओढायच्या बेतात होतो. मुंजाजीराव उठले आणि दोन्हीकडच्या म्होरक्यांना म्हणाले, "मिटंल तवा मिटंल. रक्तदाबाची गोळी घेतली का सकाळी?" दोघांनीही घेतली नव्हती. दोघांना त्यांनी माझ्याच माठातलं पाणी देऊन गोळ्या गिळायला लावल्या. भांडण दुसऱ्या दिवशी पुन्हा जिथं थांबलं होतं तिथून सुरू झालं, पण त्या दिवसापुरतं शटर वाचलं.

आता माझ्याबद्दल थोडं. माझ्या दुकानात तापाची, खोकल्याची, जुलाबाची औषधं आणि लोकांना फार आवडणारं लाल टॉनिक एवढा माल असे. ज्या औषधाला सबंध तालुक्यात एकच गिऱ्हाईक, ते मी ठेवत नसे. "मिळत नाही" म्हणून मोकळा होई. माझं ते "मिळत नाही" मुंजाजीरावांना फार झोंबे.

"सेलूत मिळत न्हाई म्हना. दुनियेत मिळत न्हाई म्हनू नका."

मग ते उर्दूत एक पोस्टकार्ड खरडत. हैदराबादला त्यांचा पार्सल हापिसातलाच एक जुना दोस्त होता. तो तिथल्या मोठ्या दुकानातून औषध घेई, गाडीच्या गार्डाच्या हवाली करी, आणि चार-आठ दिवसांत वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात, लाकडाच्या भुशात निजलेली बाटली आमच्या स्टेशनवर उतरे. डब्यावर शिसपेन्सिलीनं "ही बाजू वर". अशी कुठली कुठली दुर्मिळ औषधं त्यांनी आणवली. मी हसत असे. आपल्या डोळ्यांदेखत दुसरा माणूस आपलंच काम करत असला की हसणं सोयीचं पडतं.

याच डब्यातून रुक्मिणीच्या गोळ्या आल्या.

रुक्मीण म्हणजे बोरीकडची एक विशी-बाविशीची सून. घरी थोडी कोरडवाहू जमीन. दसरा झाला की सगळं घर ऊसतोडीला जायचं. एक दिवस ती, नवरा विठ्ठल आणि सासू काशीबाई असे तिघं माझ्या दुकानात आले. हातात औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. रुक्मिणीच्या दोन्ही पापण्या अर्ध्यावर येऊन पडलेल्या. बोलायला लागली की आवाज नाकातून येई, आणि चार शब्दांनंतर तोही विझे.

"सोंग हाय सगळं," काशीबाईनं न विचारता सांगितलं. "सकाळच्याला बगा, धा भाकरी थापंल. दिवस कलला की डोळे मिटायलीय, घास चावंना म्हनायलीय. काम आलं की दुखनं! अशी पोरगी घेऊन उसाच्या फडावर जायचं कसं? हिला माहेरी धाडते आन पोराचं दुसरं करते."

मी चिठ्ठी वाचली आणि सवयीनं "मिळत नाही" म्हणालो.

मुंजाजीरावांनी चिठ्ठी ओढून घेतली. डिक्शनरीची सुतळी सुटली, पोस्टकार्ड गेलं, आठवड्यानं डबा आला. पुन्हा तिघं आले. मुंजाजीरावांनी आधी कागद वाचला, मग काशीबाईला समोर बसवून सांगितलं, "मावशे, सोंग न्हाई हे. डोक्यातून हुकमाची तार सुटायलीय, पर टेशनावर तार घेनारा मानूसच न्हाई. सकाळी थोडी ताकद असती, ती दिवसभरात सरती. मंग पापनी उचलंना, घास चावंना. आन उद्या दम घ्यायची तारबी पोचली न्हाई तर पोरगी जाईल जिवानिशी. ही गोळी ते टेशन चालू ठेवती. एक बी चुकवायची न्हाई."

माझ्याच माठातल्या पाण्यानं रुक्मिणीनं पहिली गोळी घेतली. अर्ध्या तासानं तिच्या पापण्या हळूहळू वर गेल्या. डोळे चांगले मोठे होते. तिनं विठ्ठलकडं बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "दोन दोन दिसायले व्हते, ते आता एकच दिसायलेत जी."

"मायव!" काशीबाईनं तोंडावर पदर धरला. "भारीच शक्तीची गोळी दिसती!"

हे वाक्य आम्ही कौतुक म्हणून ऐकलं. चूक झाली.

महिन्याची ती बाटली बारा दिवसांत रिकामी होऊन आली. विठ्ठलनं कुणा येणाऱ्याच्या हाती पाठवली होती, वर निरोप, "अजून एक धाडा, मोठी असली तर बरं." मी म्हणालो, "घ्या मुंजाजीराव, पावती आली. तीही वेळेच्या आधी." ते हसले नाहीत. बाटली कानाशी धरून बसले. "तीस दिवसाचा माल बारा दिवसात एका पोटात जाऊ शकत न्हाई. पार्सल फुटलंय कुटंतरी," म्हणाले, आणि माझ्या एकुलत्या एक सुट्टीच्या दिवशी मला रेल्वेनं परभणी आणि तिथून एसटीनं बोरी असं फरफटत घेऊन गेले.

घराच्या अंगणात कुणी नव्हतं. थोड्या वेळानं कुंपणाकडून काशीबाई आली, हातात तांब्या, चेहरा पांढराफटक. "बसा, बाबूजी," एवढं म्हणाली, थबकली, आणि तशीच पुन्हा कुंपणापलीकडं गेली. पाठोपाठ सासरा आला आणि गेला. मग थोरला दीर. त्या घरात माणसापेक्षा तांबे कमी होते, त्यामुळं बरीच ओढाताण चालली होती. सगळं घर आठवडाभरापासून परसाकडं पळत होतं, आणि प्रत्येक जण समजत होता की बाजारातले बोंबील बाधले.

झालं होतं ते एवढंच. हैदराबादहून रेल्वेनं आलेली शक्तीची गोळी! अशी चांगली चीज घरात आल्यावर ती सुनेनं एकटीनं खायची? त्या घरात सून सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर जेवते. मग गोळीही तशीच. आधी सासऱ्याला, मग दिराला, विठ्ठलला, मग सासूला, आणि उरलीच तर रुक्मिणीला. बिचारीनं स्वतःच्या हातानं वाटल्या होत्या. आणि ज्यांना तो आजार नाही त्यांना ती गोळी काय करते, हे त्या घडीच्या कागदावर ठळक छापलेलं होतं. रुक्मीण चुलीपुढं भिंतीला टेकून बसली होती. मान धरवत नव्हती म्हणून हनुवटीला हात लावून.

मुंजाजीरावांनी सगळ्या घराला अंगणात गोळा केलं, म्हणजे जे ज्या वेळी हजर होते त्यांना, आणि तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. पोटात कळा येतात, हे वाचलं तेव्हा सासरा म्हणाला, "खरं हाय." जुलाब होतात, हे ऐकायला तो थांबू शकला नाही.

"ज्याच्या नावाचं पार्सल त्यानंच सोडवायचं!" मुंजाजीराव गरजले. "दुसऱ्याचा माल खाल्ला तर रेल्वेत नोकरी जाती, हितं पोरीचा जीव जाईल. समजलं का?" पुढच्या महिन्यासाठी आधीच मागवून ठेवलेल्या, सोबत आणलेल्या नव्या बाटलीवर त्यांनी कागद चिकटवून मोठ्या अक्षरात लिहिलं: रुक्मीण, फक्त. मग ती बाटली त्यांनी काशीबाईच्याच हातात दिली. "मावशे, ह्या घरचं पार्सल हापिस तुमच्याकडं. दूध निघालं की एक, साळंची घंटा झाली की एक, गुरं परतली की एक, तुमच्या हातानं द्यायची. आन गोळी घेतल्यावर अर्ध्या तासानं हिला जेवू घालायचं. सगळ्यांच्या आधी."

"सगळ्यांच्या आधी? सुनंला?" काशीबाई तांब्या विसरून उभी राहिली.

"गोळीचा जोर हाय तवरच घास चावता येतो हिला. कागदावर लिवलंय तसं. सून आधी जेवंल."

कागदावर सुनेबद्दल एक अक्षर नव्हतं. मी सवयीनं वर बघितलं, पण त्या घराला पंखा नव्हता.

अधिकार मिळाला की माणूस बदलतं म्हणतात ते खोटं नाही. काशीबाई अशी कडक झाली की विठ्ठलची बाटलीकडं नुसती नजर गेली तरी ती खेकसे. रुक्मीण सुधारली, असा निरोप आला. मी मुंजाजीरावांना म्हणालो, "आता तरी माझी सुट्टी मला परत द्या." त्यांनी फक्त विचारलं, "रिकामी बाटली कुटं हाय?"

बाटली आली दसऱ्याच्या आदल्या दिवशी. घेऊन स्वतः रुक्मीण आणि विठ्ठल आले. चार दिवसांनी त्यांची टोळी नगरकडच्या कारखान्याला निघणार होती. रुक्मिणीनं बाटली मोठ्या अभिमानानं फळीवर ठेवली. तिच्या पापण्या पुन्हा अर्ध्यावर आल्या होत्या. मुंजाजीरावांनी बाटली कानाशी नेली.

खुळखुळ. चांगली अर्धी भरलेली.

मी पोलीस पाटलापर्यंतच्या उद्धाराला तयार होऊन बसलो.

"आत्याबाई देत्यात हातावर," सासूचा हवाला देत रुक्मीण नाकातून सांगत होती. "मी एक घेते... एक पदराला बांधते. लय महागाच्या हायेत, बाबूजी. लांबून येत्यात. फडावर कोन आनून देनार? म्हनून बाटली सरल्यावर परत हिच्यातच जपून... ठिवल्या." तेवढ्यानंच तिला धाप लागली.

मुंजाजीराव ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा असा उतरला की मीच माठाकडं धावलो. ते पाणी त्यांनी घेतलं नाही. बाटलीतली एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली, तिला पाणी दिलं, आणि समोर बसून अर्धा तास तिच्या पापण्यांकडं बघत राहिले. त्या अर्ध्या तासात तीन गिऱ्हाईकं आली आणि कुणालाही तरकीब न विचारता गेली. पापण्या वर गेल्यावर ते उठले. "चल पोरी. विठ्ठल, तूबी ये. दुकानदार, तुमीबी."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. एक खोली, एक खाट, आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीवर नाव लिहिलेलं. गावात कुणी म्हणे ते भंगारात विकतात, कुणी म्हणे चेटूक करतात. भंगाराची आवई माझीच होती. मधल्या फळीवर एक बाटली वेगळी होती. जुनी, पिवळ्या पडलेल्या कागदाची, आणि भरलेली.

"ही कुनाची?" रुक्मिणीनं विचारलं.

मुंजाजीरावांनी ती काढून तिच्या हातात दिली. "माज्या घरवालीची. काळजाचं दुखनं होतं. ह्या गोळ्या मी हैदराबादहून आनायचो, रजा टाकून. तवा मला वाटायचं, घरी आनून दिलं म्हंजी माजं काम झालं. रोज विचारायचो, घेतली का? हाव म्हनायची. मी दुसऱ्याच्या पार्सलाला सही घेतल्याबिगर सोडत नव्हतो, पर हिची बाटली एकदाबी हालवून बगितली न्हाई. गेल्यावर तिची पेटी उघडली. लुगड्याच्या घडीत बांधून ठिवल्या होत्या. एक घ्यायची, तीन ठिवायची. तूच म्हनालीस तसं. महागाच्या हायेत, लांबून येत्यात. मला सारखं जायला लागू नये म्हनून... जपून ठिवल्या."

मला काहीतरी खोचक बोलायची फार सवय आहे. त्या वेळी त्या सवयीची लाज वाटली. रुक्मीण रडत होती. विठ्ठल खाली बघून टोपी चुरगाळत होता.

"तू जपायचं, पोरी. गोळी जपायची न्हाई," मुंजाजीराव तिला म्हणाले. "दर महिन्याला टोळीच्या मुकादमाच्या नावानं डाकेनं पार्सल येईल. न्हाई आलं तर जबाबदारी माजी. आलेलं संपवायची जबाबदारी तुजी."

पार्सलं वेळेवर गेली. हैदराबादच्या गाडीवर अवलंबून राहायला नको म्हणून त्या हिवाळ्यापासून ते औषध मीच माझ्या दुकानात ठेवायला लागलो. सबंध तालुक्यात गिऱ्हाईक एक, आणि तेही परगावी. धंद्याची अक्कल गहाण पडते ती अशी. घडीच्या कागदात शेंगदाणे बांधणंही मी त्याच सुमाराला बंद केलं. वाचायला लागल्यावर ते बरं दिसेना.

गुढीपाडवा उलटल्यावर टोळ्या परतल्या. एका दुपारी काशीबाई आणि रुक्मीण दुकानाची पायरी चढल्या. रुक्मीण उन्हानं काळवंडली होती, पण डोळे टक्क उघडे. काशीबाईनं फळीवर एक फडकं सोडलं. सहा बाटल्या.

"घ्या तुमच्या पावत्या," ती ठसक्यात म्हणाली. "आन ही आदी जेवायलीय बरं का अजून. फडावरल्या बाया हसायल्या मला. हसा म्हनलं."

मुंजाजीरावांनी एकेक बाटली उचलली, कानाशी धरली, हलवली. पहिली. दुसरी. सहाव्या बाटलीपर्यंत कशातूनच आवाज आला नाही. ते शाब्बास म्हणायचं विसरले. फडकं पुन्हा बांधलं आणि घराकडं निघाले. डिक्शनरी फळीवरच राहिली होती, ती द्यायला मी मागून गेलो.

दार उघडं होतं. मधल्या फळीवर, त्या भरलेल्या बाटलीशेजारी, ते एकेक रिकामी बाटली मांडत होते. मांडून झाल्यावर टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले.

"बघ गं," ते हळू आवाजात म्हणाले, "अशा संपवायच्या असत्यात."